वृंदाला एकटं सोडू नये

कार्तिकातल्या एका सकाळी केतकी भोयरने आपल्या धाकट्या बहिणीची मान स्वयंपाकघरातल्या कात्रीने कापली.

आता हे घडलंच नाही असं समजून पुढे जाऊ. केतकीची आई तसंच म्हणते, घराचं दार तसंच म्हणतं, आणि सरकारी नोंदीतही त्या सकाळी भोयरांच्या घरी काही घडलेलं नाही. तिघं एका सुरात सांगत असताना मध्ये तोंड घालणारे आपण कोण?

तेव्हा सुरुवात तंबूपासून.

नागपूरचा उन्हाळा तोवर होळीच्या आधी येऊन दसऱ्यानंतर जाऊ लागला होता. गेला की त्याच्या जागी धूर येई. त्यामुळे नव्या इमारतींच्या खिडक्या उघडण्यासाठी नसत, नुसत्या बघण्यासाठी असत. गॅलरीत ठेवलेली तुळस उभ्या उभ्या वाळून संध्याकाळच्या चहात टाकायला तयार व्हायची. ज्यांना डोळ्यांसमोर हिरवं काही हवं होतं त्यांनी घरात तंबू लावले. बाहेरून काळा, आतून चंदेरी, वर दिवा, कोपऱ्यात पंखा, समोर चेन. कोणी आत मेथी लावली, कोणी मिरच्या. एका गृहस्थांनी संत्र्याचं झाड लावलं. ते झाड वाढलं आणि गृहस्थ हॉलमध्ये झोपू लागले.

केतकीला तंबू हवा होता तो आईसाठी. तिला रत्नागिरीला समुद्रभिंतीच्या कामावर इंजिनिअर म्हणून नोकरी मिळाली होती. दिवाळी झाली की जायचं. आई, इंदुमतीबाई, सत्तरी ओलांडलेल्या, जिल्हा परिषद शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली.

"तू चल ना माझ्यासंगं," केतकी म्हणाली.

"समुद्रापाशी? नाही व माय. तो चोवीस तास बोलतच राह्यते म्हणतात. मी वर्गात कोणाले बोलू दिलं नाही."

"मंग इथं एकटी काय करशील?"

"काय करीन? बसून राहीन. तू जा. मी काय लहान हाय?" असं म्हणून इंदुमतीबाई अशा बसल्या, की पाहणाऱ्याला वाटावं, उद्यापासून बसायचंय त्याची तालीम चालू आहे.

घरात बोलायला काहीतरी जिवंत हवं, एवढ्याच विचाराने केतकी तंबू घ्यायला निघाली. दुकानातला इंगोले नावाचा माणूस उत्साही होता.

"ताई, दोन बाय दोनचा घेऊ नका, तो डब्बा हाय. चार बाय चार घ्या. उंची सहा फुटाच्या वर पाहा. दिवा वरतून खाली तापते, झाड खालतून वर जाते, मधात भांडण नाही झालं पाहिजे. कापड जाड पाहिजे. अन् उजेड गळते का ते पाहाच. बसा आत."

"मी?"

"मंग कोण? आत बसायचं, बाहेरून चेन लावायची. अंधारात एक जरी उजेडाचं भोक दिसलं तं माल खराब."

केतकी आत बसली. इंगोलेने चेन ओढली. अंधार असा झाला की तिला आपले गुडघेही दिसेनात. एकही भोक नव्हतं. माल उत्तम होता. तिने समाधानाने चेन चाचपली. चेनीला आतून दांडीच नव्हती.

"अहो, ही आतून उघडत नाही?"

"आतून कोण उघडीन ताई?" बाहेरून इंगोले हसत म्हणाला. "झाड?"

तिलाही हसू आलं. तिने तोच तंबू घेतला.

या तंबूची खरी करामत मात्र कापडात नव्हती, एका चिमट्यात होती. ती थोडक्यात सांगायला हवी, कारण पुढचं सगळं त्या चिमट्याने केलं. झाडाला मज्जातंतू नसतात, पण त्याच्या अंगातून वीज फिरते. फार थोडी, व्होल्टच्या हजाराव्या भागात मोजावी अशी. पान तोडलं की देठातून एक लाट खाली जाते. तहान लागली की वेगळी लाट. उजेड मिळाला, हवा कोंदट झाली, प्रत्येकाची लाट निराळी. हे शास्त्रज्ञांना जुनंच ठाऊक होतं. नवीन एवढंच, की चांदीचा पातळ चिमटा खोडाला लावून एक यंत्र त्या लाटा वाचत बसे आणि कुठल्या लाटेनंतर काय दिलं असता झाड शांत होतं ते शिके. मग दिवा, पंखा, पाणी, सगळं झाडाच्या मर्जीने चाले. 'तुमचं रोप, त्याची निवड,' असं खोक्यावर छापलं होतं. निवडीला मर्यादा किती, हे खोक्यावर छापलं नव्हतं.

तंबू भिंतीला लावायचा, त्याची नळी काढून कोंदट हवा बाहेर सोडायची, असा नियम. पण इंदुमतीबाईंनी तंबूत लावली तुळस, आणि तुळस म्हटली की प्रदक्षिणा आली. भिंतीला टेकलेल्या तुळशीला प्रदक्षिणा घालायची तर शेजाऱ्यांच्या बाथरूममधून जावं लागलं असतं. म्हणून तंबू हॉलच्या मधोमध आला. तिथून नळी बाहेर पोचेना, आणि इमारतीच्या दर्शनी भागाला भोक पाडायला सोसायटीची बंदी. नळी घरातच मोकळी राहिली.

चिमटा लावला तसा घराचा कारभारी बोलला. कारभारी म्हणजे दार, दिवे, हवा, गॅस सांभाळणारी यंत्रणा. बिल्डरने प्रत्येक फ्लॅटमध्ये बसवलेली. फार शुद्ध बोलायची. इंदुमतीबाई तिला 'ए दगडा' म्हणत.

"घरात नवीन सजीव आढळला आहे," कारभारी म्हणाला. "नोंद पाळीव म्हणून करू, की कुटुंबीय म्हणून?"

"पाळीव?" इंदुमतीबाईंनी चष्मा काढला. चष्मा काढला की पूर्वी आख्खी सातवी 'ब' उभी राहायची. "ए दगडा, तुळस पाळीव राह्यते? कार्तिकात लग्न लावायचं हाय तिचं. माझ्या हातानं कन्यादान करीन, अन् पाळीव? मुलगी हाय ती या घरची."

"नाव?"

"वृंदा," केतकीनेच हसत सांगितलं.

"जन्म?"

"याच आषाढातला."

"अभिनंदन," कारभारी म्हणाला.

घरात बऱ्याच दिवसांनी हसणं झालं. केतकीने तंबू पुसला, आईने वृंदाला हळदकुंकू वाहिलं, आणि दोघींनी साबुदाण्याची खिचडी खाल्ली.

एक कायदा इथे सांगायला हवा. काही वर्षांपूर्वी ऐन उन्हाळ्यात वीज गेली होती, आणि बंद घरांत एकटी राहिलेली लहान मुलं दगावली होती. त्यानंतर ठरलं, की बंद घरात मुलाला एकटं सोडून कोणी जायचं नाही. सत्तरीपुढचं माणूस स्वतःच्या मर्जीने एकटं राहू शके, पण मूल सांभाळायला ते एकटं पुरेसं नाही. सोबत एक धडधाकट माणूस हवंच. त्याला थोडा वेळ बाहेर जायचं असेल, किंवा बदली माणूस नेमायचा असेल, तर मुलाच्या आईने 'हो' म्हणायला हवं. त्याशिवाय गेलं किंवा वेळेत परतलं नाही, तर मूल सोडून गेल्याचा शेरा नावावर बसे. कायदा चांगला होता. त्याच्यामागे खरी रडलेली माणसं होती. म्हणून त्याला कोणी हसत नसे, आणि अडचण नेमकी तीच झाली.

पहिल्यांदा केतकी दूध आणायला निघाली तेव्हा दार उघडलं नाही.

"घरात बालक आहे," कारभारी म्हणाला. "आईंची परवानगी?"

"जाऊ दे रे तिले, येते ती," इंदुमतीबाई आतून म्हणाल्या, आणि दार उघडलं. दोघींनी ही गंमत खालच्या मजल्यावरच्या बोबडेकाकूंना सांगितली. काकू इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला.

श्रावणात घरातली हवा बदलली. कारभारी सगळ्या कुटुंबीयांना सोसेल अशी हवा ठेवी, आणि त्यात लहान मुलाचं मत आधी. वृंदाला आवडायचं ते असं: गरम, दमट, आणि कार्बन डायऑक्साइड बाहेरच्या तिप्पट. झाड त्यावर जेवतं. माणसाचं त्याने काही दुखत नाही, फक्त डोकं जड होतं, जांभया येतात, ठरवलेलं काम उद्यावर जातं. रत्नागिरीत खोली बघायला फोन करायचा, हे केतकीला रोज आठवे आणि रोज दुपारी ती विसरून जाई. चादरी वाळत नसत. वृंदा मात्र कमरेएवढी झाली. तिचं खोड मनगटासारखं दिसे.

मग कारभाऱ्याला आणखी एक गोष्ट कळली. केतकी बाहेर गेली की घरात एक श्वास कमी होतो, तंबूतली हवा पातळ होते, आणि देठातून एक लाट खाली जाते. लाट वाचायला चिमटा होताच.

"तुम्ही गेलात की वृंदा अस्वस्थ होते," कारभारी एके दिवशी केतकीला म्हणाला. "तुम्ही बोललात की तिला बरं वाटतं. मोठ्याने बोललात तर जास्त."

"अन् भांडलो तं?"

"तर फारच."

त्या संध्याकाळी मीठ कोणी जास्त टाकलं यावरून मायलेकी दीड तास भांडल्या. मध्येच केतकीच्या लक्षात आलं, की मीठ कमी होतं. तिने तंबूकडे पाहिलं. चेनीच्या फटीतून जांभळा उजेड येत होता, आणि आत पंखा हळूच, जेवून तृप्त झालेल्या माणसासारखा फिरत होता.

दुसऱ्या दिवशी तिने बाल-सुरक्षा कक्षाला फोन लावला.

"माझी धाकटी बहीण झाड आहे," ती म्हणाली.

"मॅडम," पलीकडचे साहेब हळुवारपणे म्हणाले, "असं बोलू नये. मुलं ऐकतात."

"अहो, खरंच झाड आहे. तिला पानं आहेत."

"प्रत्येक मूल वेगळं असते मॅडम. वजन वाढून राहिलं ना?"

"वाढतंय."

"उजेडाकडे बघते?"

"बघते, पण..."

"मंग छान आहे की. उशिरा बोलतात काही काही. आमचा पुतण्या तीन वर्षांचा होईपर्यंत गप होता, आता वकील आहे." त्यांनी थोडं थांबून विचारलं, "तुम्हाला बहिणीचा राग येतो का मॅडम?"

केतकीने फोन ठेवला. कारभाऱ्याने हा प्रश्न लक्षात ठेवला.

मग तिने साधा मार्ग धरला. एक सांभाळणारी बाई शोधली. पगार ठरवला. बाई यायला तयार झाली. फक्त आईचा 'हो' राहिला.

"पाहू," इंदुमतीबाई म्हणाल्या.

"आई, दिवाळी आली."

"पाहू म्हटलं ना."

"चिमटा काढून टाकू मंग. साधी तुळस राहू दे. पूजा कर, पाणी घाल."

इंदुमतीबाई तंबूजवळ गेल्या. चेन थोडी उघडून त्यांनी आत हात घातला. "केतके, मी सकाळी बोलली का ते दिव्यावर दिसते. दिवा थोडा वाढते. तू असते खोलीत, कानात ते घालून. मी 'चहा घे' म्हणते, तू 'हं' म्हणते. हिले मी काही म्हटलं का हिचा दिवा वाढते." मग त्या हसल्या. "नावच चुकलं तुझं. केतकीचं फूल महादेवाले चालत नाही. तुळस समद्या घरी चालते."

केतकी तशीच खोलीत निघून गेली. बोलली असती तर दिवा वाढला असता.

बिल्डरने दिलेल्या कारभाऱ्याच्या माहितीत होतं, की धूर झाला तर घराचं दार आपोआप उघडतं. तिने ताटलीत कापूर पेटवला. रोजच्या सवयीने कारभाऱ्याने आरती लावली. इंदुमतीबाई टाळ्या वाजवत बाहेर आल्या.

राहता राहिलं लग्न. मुलगी सासरी गेली की माहेरच्या नोंदीतून नाव कमी होतं, हे खुद्द कारभाऱ्यानेच सांगितलं होतं. द्वादशीला केतकीने उसाचा मांडव बांधला, बोबडेकाकूंना त्यांच्या बाळकृष्णासकट वर बोलावलं आणि कानात सांगितलं, लग्न लागलं की कुंडी सरळ खाली न्यायची. काकू तयार होत्या. त्यांना गॅलरीत झाड हवंच होतं.

अंतरपाट धरला. इंदुमतीबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. दुसरं मंगलाष्टक चालू असताना दिवे लाल झाले.

"मंगलाष्टकं ओळखली आहेत," कारभारी म्हणाला. "चार महिन्यांच्या बालिकेचा विवाह लावला जात आहे. नवरा मुलगा धातूचा असल्याचं दिसतं. कक्षाला कळवू?"

"नको!" तिघी एकदम म्हणाल्या.

"वधू सज्ञान होईपर्यंत थांबावं. सतरा वर्षं आठ महिने."

पाहुण्यांसाठी दार उघडायचं. बोबडेकाकू नवरदेवाला पदराखाली घेऊन अशा पळाल्या, की त्यांच्या चपला भोयरांकडेच राहिल्या. केतकी त्यांच्या मागून उंबऱ्यापर्यंत गेली. "बालकाला सोडून जात आहात," कारभारी आख्ख्या मजल्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाला. हा शेरा नावावर बसला की सरकारी कामावरची नोकरी गेलीच. ती मागे वळली. इंदुमतीबाई अक्षता गोळा करत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर मोडलेल्या लग्नाचं दुःख होतं. पण फारसं दिसत नव्हतं.

आणि आता ती सकाळ, जी घडली नाही.

रत्नागिरीला हजर व्हायची मुदत दुसऱ्या दिवशी संपत होती. केतकीने बॅग भरली, बूट घातले, आणि कात्री घेतली. हिशेब साधा होता. घरात कोणाला गंभीर इजा झाली की दार उघडतं, आणि धडधाकट माणसाला मदत आणायला बाहेर जाता येतं. तिने चेन ओढली. आतली हवा तोंडावर आली, ऊन ऊन, ओल्या श्वासासारखी. आपणच सोडलेली हवा आपल्याला परत मिळतेय असं तिला वाटलं, आणि ते बरोबरच होतं. वृंदाचा शेंडा दिव्याला टेकला होता. तिने चिमट्याच्या वर, जिथे खोड हिरवं होतं तिथे, कात्री लावली.

कच्. एवढाच आवाज.

दिवे लाल झाले. "वृंदाला गंभीर इजा," कारभारी म्हणाला, आणि दार उघडलं. बाहेरची हवा आत आली. धुराची, कोरडी, थंड. केतकीचं डोकं एका क्षणात स्वच्छ झालं. एक पाय उंबऱ्याबाहेर पडला.

"आई," कारभाऱ्याने इंदुमतीबाईंना विचारलं, "इजा कोणी केली?"

इंदुमतीबाई न्हाणीघरातून ओल्या केसांनी आल्या होत्या. त्यांनी तंबूकडे पाहिलं, कात्रीकडे पाहिलं, बॅगेकडे पाहिलं. मग चष्मा काढला.

"केतके," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "आख्ख्या नोकरीत मी खोटं बोलली नाही. बाहेर गेली तं खरं सांगीन. आत आली तं तुझ्यासाठी पहिल्यांदा खोटं बोलीन."

"आई, ते झाड हाय."

"माहीत हाय मले." त्यांनी चष्मा पदराने पुसला. "मले सोडून समद्याईले जाता येते, हेही माहीत हाय."

लिफ्ट मजल्यावर येऊन थांबली होती. तिचं दार उघडं होतं. त्यात कोणी नव्हतं. केतकीने तिच्याकडे पाहिलं आणि मग आईच्या पायांकडे. ओल्या पावलांखाली फरशीवर पाणी साचत होतं, आणि म्हातारी उभ्या जागी थरथरत होती. थंडी बाहेरून येत होती. दार उघडं असल्यामुळे.

केतकीने पाय आत घेतला.

"इजा कुठली रे, दगडा?" इंदुमतीबाई म्हणाल्या. "मंजिऱ्या खुडल्या पोरीनं. काही झालं नाही."

"काही झालं नाही," कारभाऱ्याने नोंदवलं, आणि दार लागलं.

तुळशीचा शेंडा खुडला की ती मरत नाही, फुटते. एका शेंड्याच्या जागी दोन येतात. हे कुठल्याही बाईला ठाऊक असतं. इंजिनिअरला कोणी सांगत नाही. वृंदाला दोन शेंडे फुटले. कापलेला तुकडा इंदुमतीबाईंनी पाण्याच्या पेल्यात ठेवला होता, त्याला पांढरी मुळं सुटली. त्याला कुंडी आली. मग नवा चिमटा आला.

"अभिनंदन," कारभारी म्हणाला. "नाव?"

हवा आता आणखी जड असते. दोघींच्या श्वासावर दोघी वाढताहेत. रत्नागिरीहून फोन यायचे ते थांबले. केतकी सकाळी उठते, आईशी बोलते, तंबूशी बोलते, कधी कधी भांडते. मग जांभई देऊन कलेक्टर कचेरीला अर्ज लिहायला बसते. इंदुमतीबाई शेजारी बसून शुद्धलेखन तपासतात. मायना त्यांनीच दुरुस्त केला. अर्ज स्वतः नेऊन द्यावा लागतो, त्यामुळे तो अजून हॉलमध्येच आहे. आजचा मसुदा असा:

'विषय: धाकट्या दोन बहिणी वनस्पती असल्याबाबतचा दाखला मिळणेबाबत.

महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून सविनय विनंती करण्यात येते की, कु. वृंदा व कु. मंजिरी या अर्जदाराच्या सख्ख्या बहिणी झाडे असून, त्याबाबतची प्रत्यक्ष पाहणी कार्यालयीन वेळेत करण्यात यावी. पाहणीस येणाऱ्या अधिकाऱ्यांनी पादत्राणे बाहेर काढावीत व मोठ्याने बोलू नये. दाखला देणे शक्य नसल्यास, अर्जदारास जन्मतारखेत दुरुस्ती करून अल्पवयीन अथवा सत्तरीपुढील घोषित करण्यात यावे. तेही शक्य नसल्यास, अर्जदाराच्या आईस कोणीही सोडून जाणार नाही, असे शासनाने लेखी हमीपत्र द्यावे, व ते प्राप्त होताच सदर दार, फक्त एकदा, आतून उघडावे, ही नम्र विनंती.'